मुदतीच्या तापाची खातेवही

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्यांच्या धाकट्या मुलीला चार दिवस ताप येत होता. डॉक्टरांनीं तपासलें, टायफॉइडचा संशय बोलून दाखविला, आणि प्रतिजैविक औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वीं रक्त काढून त्याचें 'कल्चर' करावयास सांगितलें. निकाल हातीं यावयास दोन-तीन दिवस लागतील, असेंहि ते म्हणाले. बाई लिहितात, "आमच्या लहानपणीं ताप आला कीं डॉक्टर गोळ्या देत आणि ताप उतरे. आतां गोळीच्या आधीं सुई, आणि सुईच्या आधीं पावती ! हा निव्वळ खर्च वाढविण्याचा प्रकार नव्हे काय ?"

प्रश्न रोखठोक आहे आणि घरोघरचा आहे; म्हणून या महिन्याचें सदर आम्ही त्याच्या उत्तरासच देत आहों. आम्ही वैद्य नव्हों. जन्मभर मुलांना संस्कृत शब्दरूपें घोकावयास लावणारे शाळामास्तर आम्ही. परंतु या विषयांत आमच्या घरानें दोन पिढ्यांपूर्वीं एक जीव गमावला आहे, आणि अलीकडे आमच्याच हातून एक चूक झाली आहे. त्यामुळें या तापाविषयीं जें कांहीं वाचलें आणि जाणत्यांना विचारून घेतलें, तें येथें मांडतों.

आमचे थोरले काका १९४४ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, मुदतीच्या तापानें गेले. आम्हीं त्यांना पाहिलें नाहीं. आमचा जन्म त्यानंतर पंधरा वर्षांनीं झाला. पण आजीच्या तोंडून ती हकीकत आम्हीं इतक्या वेळां ऐकली आहे कीं, ती खोली डोळ्यांपुढें उभी राहते. त्या काळीं या तापावर औषध नव्हतें. एकवीस दिवसांची मुदत असे. ती पार पडली तर रोगी आपला, नाहीं तर देवाचा. शंभर रोग्यांतील दहा ते वीस त्या मुदतींत दगावत. कपाळावर पाण्याच्या घड्या, मोसंब्याचा रस, बार्लीचें पाणी आणि उशापाशीं जागरण, एवढेंच घरच्यांच्या हातीं असे. आजी रोज सकाळीं माजघराच्या भिंतीवर कोळशानें एक रेघ ओढी. अशा अठरा रेघा झाल्या. एकोणिसावी ओढण्याची वेळ आली नाहीं. पुढें घराला चुना लागे तेव्हां भिंतीचा तेवढा तुकडा आजीनें कित्येक वर्षें रंगवूं दिला नाहीं.

या तापाचा जंतु १८८० सालीं एबेर्थ या जर्मन शास्त्रज्ञानें प्रथम पाहिला, आणि १८८४ सालीं गाफ्की यानें तो प्रयोगशाळेंत वाढवून दाखविला. त्याचा एक विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. माणसावांचून दुसऱ्या कोणत्याहि प्राण्यांत हा जंतु घर करीत नाहीं. एकाच्या मळांतून निघून पाणी, दूध, बर्फ, चिरून ठेवलेलीं फळें किंवा न धुतलेला हात यांच्या वाटेनें तो दुसऱ्याच्या तोंडीं जातो. म्हणजे प्रत्येक रोग्याच्या पाठीमागें दुसरा कोणी तरी माणूस असतोच. आणि तो कोण हें शोधावयाचें, तर लिहून ठेवण्यावांचून गत्यंतर नाहीं. आमच्या घरांतून सोवळ्याचा पुष्कळ अभिमान बाळगला गेला. परंतु कद नेसून स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताला साबण लागला नसेल, तर जंतु तें सोवळें मानीत नाहीं.

लिहून ठेवण्याचा महिमा न्यूयॉर्क शहराच्या एका स्वयंपाकिणीच्या गोष्टींत दिसतो. १९०६ सालीं त्या शहराजवळच्या ऑयस्टर बे गांवीं एका श्रीमंत कुटुंबाच्या उन्हाळी घरांतील अकरांपैकीं सहा माणसें टायफॉइडनें आजारी पडलीं. पाणी तपासलें, दूध तपासलें, दोष सांपडेना. मेरी मॅलन नांवाची स्वयंपाकीण कांहीं दिवस त्या घरीं होती, असें कळल्यावर जॉर्ज सोपर या आरोग्य-अभियंत्यानें ती आजवर कोणकोणत्या घरीं कामाला होती याची यादी केली. आठांपैकीं सात घरांत तिच्या मागोमाग हा ताप आलेला होता. मेरी स्वतः ठणठणीत होती. परंतु जंतु तिच्या शरीरांत मुक्कामाला होते. १९०७ सालीं तिला एका बेटावरील रुग्णालयांत ठेवण्यांत आलें. पुन्हां स्वयंपाक न करण्याच्या बोलीवर १९१० सालीं तिला सोडलें. आणि १९१५ सालीं ती नांव बदलून बाळंतिणींच्या एका रुग्णालयांत स्वयंपाक करतांना सांपडली. तेथें पंचवीस जणांना ताप आला होता व दोघे दगावले होते. पुढें १९३८ सालीं मरेपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. त्या बिचारीची दया येते. पण सोपरनें ती यादी केली नसती, तर आणखी किती घरांतून अन्नाबरोबर ताप वाढला गेला असता, कोणी सांगावें ?

मग औषध आलें. दक्षिण अमेरिकेंतील व्हेनेझुएला देशाच्या मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून क्लोरँफेनिकॉल हें द्रव्य मिळालें होतें. १९४८ सालीं क्वालालंपूर येथें वुडवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें टायफॉइडच्या रोग्यांना देऊन पाहिलें. आणि तीन तीन आठवडे न हटणारा ताप थोड्याच दिवसांत उतरूं लागला. आमच्या काकांनंतर अवघ्या चार वर्षांनीं ! १९६९ सालीं आम्ही चौथींत असतांना आम्हांलाहि हाच ताप आला. डॉक्टरांनीं त्याच औषधाच्या गोळ्या दिल्या. पांचव्या दिवशीं आम्हीं मऊ भात मागितला, आणि आजी देवापाशीं जाऊन रडली. ती सुखानें रडली कीं काकांच्या आठवणीनें, हें आम्हांस त्या वयांत कळलें नाहीं.

परंतु या सुखालाहि मुदत होती. आमच्या दुखण्यानंतर तीनच वर्षांनीं, १९७२ सालीं, केरळांतील कालिकत येथें क्लोरँफेनिकॉलला दाद न देणारा टायफॉइड पसरला. त्याच वर्षीं मेक्सिको देशांत तशाच तापाची मोठी सांथ आली. तिच्यांत दहा हजारांहून अधिक माणसें सांपडलीं. कालिकतच्या जंतूची परीक्षा पणिक्कर व विमला या संशोधकांनीं केली. त्यांना असें आढळलें कीं, औषध पचविण्याची ही विद्या एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे जाऊं शकते.

हें कसें होतें, तें आमच्या धंद्यांतील उदाहरणानें सांगतों. वर्गांतील एखादा मुलगा अभ्यास करून उत्तर शिकला, तर तें त्याच्यापाशींच राहतें. पण त्यानें उत्तराची चिठ्ठी लिहून बाकाबाकावरून पुढें सरकविली, तर सगळी रांग न शिकतां उत्तीर्ण होते. जंतूंपाशीं अशा चिठ्ठ्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना प्लास्मिड म्हणतात. त्या एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेहि जातात. आणि औषध हा तेथला कडक परीक्षक होय. ज्याच्यापाशीं चिठ्ठी नाहीं तो मरतो. ज्याच्यापाशीं आहे त्याला सगळा वर्ग मोकळा मिळतो. अकारण घेतलेली प्रत्येक गोळी म्हणजे चिठ्ठीवाल्यांना वर चढविणारी एक परीक्षाच समजावी.

पुढचा इतिहास याच क्रमाचा आहे. १९८० ते १९९० या दशकाच्या अखेरीस क्लोरँफेनिकॉल, अँपिसिलिन व कोट्रायमोक्झॅझोल या तिन्ही औषधांना न जुमानणारा टायफॉइड आपल्या देशांत पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलें. तें इतकें सर्रास वापरलें गेलें कीं, थोड्याच वर्षांत त्याचाहि जोर ओसरूं लागला. मग सेफ्ट्रियाक्झोनचें इंजेक्शन, आणि सेफिक्झीमच्या व अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या. आज आपल्या मुलांना टायफॉइडवर प्रायः हींच औषधें मिळतात.

त्यांचें भवितव्य काय, याची सूचना शेजारच्या सिंध प्रांतांत मिळाली. तेथील हैदराबाद शहरीं नोव्हेंबर २०१६ पासून एक नवाच टायफॉइड दिसूं लागला. ९ डिसेंबर २०१८ पर्यंत सिंध प्रांतांत टायफॉइडचे ८,१८८ रोगी नोंदले गेले. त्यांपैकीं ५,२७४ रोग्यांच्या जंतूवर पहिल्या तीन औषधांचा, सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा आणि सेफ्ट्रियाक्झोनचाहि परिणाम होत नव्हता. तोंडानें घेण्याच्या औषधांपैकीं अझिथ्रोमायसिन तेवढें उरलें. जंतूच्या जनुकांचें वाचन केल्यावर असें दिसलें कीं, आंतड्यांतील दुसऱ्या जातीच्या जंतूंत वावरणारी एक चिठ्ठी त्यानें पटकावली होती. हें वेळीं कळलें तें कशामुळें ? रक्ताचीं कल्चरें नित्य होत होतीं, आणि त्यांचे निकाल प्रयोगशाळेंत कोणी तरी ओळीनें वाचीत होतें, म्हणून. कळल्यावर मुलांना लस टोंचण्याची मोहीम निघाली. ती लस आली कोठून, तर आपल्या दक्षिणेंतील हैदराबादेहून ! एका हैदराबादची लस अशा रीतीनें दुसऱ्या हैदराबादच्या मुलांच्या उपयोगीं पडली. नोव्हेंबर २०१९ मध्यें पाकिस्तानानें सिंधपासून आरंभ करून ती लस मुलांच्या नित्याच्या लसीकरणांत घेतली. असें करणारा तो जगांतील पहिला देश होय.

आतां कल्चर म्हणजे काय तें पाहूं. काढलेलें रक्त पोषक द्रव्याच्या बाटलींत घालून शरीराइतक्या उबेंत ठेवतात. त्यांत जंतु असतील तर एक-दोन दिवसांत ते वाढतात. मग ते एका थाळींतील खरवसासारख्या थरावर पसरून त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजविलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. दुसऱ्या दिवशीं ज्या टिकलीभोंवतीं पुरेसें स्वच्छ वर्तुळ पडलें, तें औषध लागू. जिच्या कडेपर्यंत जंतूंची साय पोहोंचली, तें निरुपयोगी. त्या वर्तुळाची रुंदी मिलिमीटरमध्यें मोजून लिहून ठेवतात. पुष्कळ ठिकाणीं कल्चरऐवजीं 'विडाल' नांवाच्या तपासणीवर समाधान मानतात. ती १८९६ सालची आहे. ती जंतु दाखवीत नाहीं. जंतूविरुद्ध शरीरानें केलेली तयारी दाखविते. मागें कधीं आलेल्या तापामुळें किंवा अन्य कारणांनींहि ती होकार देते. आणि कोणतें औषध लागू पडेल, हें तर ती सांगूंच शकत नाहीं. कल्चरहि सर्वज्ञ नव्हे. खरा टायफॉइड असलेल्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें साठांच्याच रक्तांत तें जंतु पकडतें. पण पकडतें तेव्हां तें पक्कें सांगतें, आणि औषधासह सांगतें.

येथें पत्र लिहिणाऱ्या बाईंचा मुख्य गैरसमज दूर केला पाहिजे. कल्चर करणें म्हणजे तीन दिवस औषधावांचून बसणें नव्हे. रक्त आधीं घ्यावयाचें, आणि डॉक्टरांना आवश्यक वाटेल तर औषध त्याच घटकेला सुरू करावयाचें. निकाल आल्यावर तें तसेंच चालू ठेवावयाचें, बदलावयाचें किंवा बंद करावयाचें. हा क्रम मात्र उलटा करून चालत नाहीं.

मग निकालापूर्वींचें पहिलें औषध डॉक्टर कशाच्या आधारें निवडतात ? आधीच्या शेंकडों रोग्यांच्या कल्चरांच्या आधारें. आज आपल्या मुलीला जी पहिली मात्रा मिळते, ती दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या रक्तानें ठरविलेली असते. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन ऋणें सांगितलीं आहेत. कांहीं ठिकाणीं चौथें मनुष्यऋणहि सांगितलें आहे. तें चौथें ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि तो मार्ग आम्हीं स्वतःच कसा चुकविला, तें आतां सांगतों. तीन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत आमच्या सहा वर्षांच्या नातवाला ताप आला. चिरंजीव व सूनबाई परगांवीं. घरांत आम्ही दोघेंच. कपाटांत सौ.च्या घशाच्या दुखण्यांतून उरलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या होत्या. आम्हीं आपल्या अक्कलहुशारीनें अर्धी अर्धी गोळी दोन दिवस मधांतून दिली. ताप किंचित् उतरला, आणि आम्हीं स्वतःची पाठ थोपटून घेतली. तो निव्वळ काकतालीय न्याय होता. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गांठ पडली होती. तिसऱ्या रात्रीं ताप १०४ वर गेला. मुलाला घेऊन आम्हीं ज्या डॉक्टरांकडे धांव घेतली, ते आमचेच जुने विद्यार्थी. त्यांनीं कल्चरसाठीं रक्त काढलें आणि विचारलें, "मास्तर, घरीं कांहीं औषध दिलेंत का ?" आम्हीं खरें तें सांगितलें. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "पाटी आधींच पुसलीत, मास्तर. आतां मी अक्षर कसें वाचूं ?"

कल्चरांत कांहीं वाढलें नाहीं. ताप तर हटत नव्हता. पण बाटलींत उगवण्याइतका जोम आमच्या त्या अर्ध्या गोळ्यांनीं जंतूंत ठेवला नसावा, असें डॉक्टर म्हणाले. लक्षणें सारीं टायफॉइडचीं होतीं. परंतु कोणत्या औषधाला दाद देणारा टायफॉइड, हें सांगणारें आतां कांहींच उरलें नव्हतें. डॉक्टरांना अंदाजानें औषध द्यावें लागलें. मूल नऊ दिवस रुग्णालयांत होतें, आणि ताप सातव्या दिवशीं उतरला. त्या सात रात्रींत आजीची भिंत आम्हांस किती वेळां दिसली, तें सांगत नाहीं. नातू बरा झाला, ही देवाची कृपा. सूनबाईंनीं आम्हांस एका शब्दानें दुखविलें नाहीं. म्हणूनच तें अधिक लागलें. शिवाय आमच्या घरचा तो एक रोगी देशाच्या खातेवहींत चढला नाहीं, तो नाहींच.

ही खातेवही आपल्या देशांत आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०१३ सालीं मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांचें एक जाळें उभारलें, आणि त्यांच्या निकालांचा वृत्तांत ती प्रसिद्ध करीत आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१५ सालीं देशोदेशींच्या अशा नोंदी एकत्र करण्याचें काम हातीं घेतलें. या नोंदींत एक गोष्ट आशादायक आहे. क्लोरँफेनिकॉल इत्यादि जुनीं औषधें टायफॉइडसाठीं वापरण्याचें बहुतेक बंद झाल्यावर, त्यांना न जुमानणारे जंतु आपल्याकडे पुष्कळच कमी झाले. परीक्षक गेला म्हणजे चिठ्ठीचेंहि महत्त्व जातें. उलट, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळांतील औषधांना पूर्णपणें वश होणारा टायफॉइड आतां क्वचितच आढळतो. सेफ्ट्रियाक्झोनला न जुमानणारे जंतु मुंबईच्या रोग्यांतहि सांपडल्याचें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें आहे. नोंदी नसत्या तर यांतील एकहि गोष्ट कळली नसती, आणि निरुपयोगी झालेलें औषध आपण श्रद्धेनें देत राहिलों असतों.

वहींत उणीव आहे, तीहि सांगितली पाहिजे. मोठ्या रुग्णालयांत पुष्कळदां तेच रोगी येतात, ज्यांच्यावर आधीं दोन-तीन औषधें फसलेलीं असतात. नापासांच्या तुकडीवरून सगळ्या शाळेची पारख करावी, तसें तें होतें. म्हणून २०१७ ते २०२० या काळांत संशोधकांनीं चार ठिकाणीं घरोघरच्या मुलांवरच लक्ष ठेवलें. एकंदर २४,०६२ मुलांची दर आठवड्याला विचारपूस केली, आणि ताप रेंगाळला कीं रक्ताचें कल्चर केलें. दिल्ली, कोलकाता व वेल्लोर या शहरी ठिकाणीं वर्षाला दर लाख मुलांमागें ५७६ ते १,१७३ जणांना टायफॉइड आढळला. आपल्या पुणें जिल्ह्याच्या ग्रामीण भागांत अवघ्या ३५ जणांना. एका देशांत तीस पटींचें अंतर ! लस प्रथम कोठें द्यावी, पाण्याचे नळ प्रथम कोठले दुरुस्त करावे, हें अशा आंकड्यांवरून ठरतें. नवी मुंबई महानगरपालिकेनें २०१८ सालीं नऊ महिने ते चौदा वर्षें वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची लस दिली. मूल टायफॉइडनें पडलेंच नाहीं, तर औषधाला दाद देणारा जंतु कोणता, हा प्रश्नच उरत नाहीं.

आमचे बहुतेक वाचक शाकाहारी आहेत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या औषधांशीं आपला काय संबंध, असें त्यांना वाटेल. टायफॉइडपुरतें तें खरें आहे. कारण तो माणसावांचून कोठें राहत नाहीं. परंतु त्याचे साल्मोनेला कुळांतील चुलतभाऊ कोंबड्या, डुकरें व गुरें यांत राहतात, आणि अन्नावाटे माणसांत येतात. कित्येक देशांत जनावरांचें वजन वाढावें एवढ्यासाठींच त्यांच्या खाद्यांत प्रतिजैविकें मिसळलीं जात. डेन्मार्क देशानें १९९५ सालीं एक निराळीच वही घातली. जनावरांना किती औषध दिलें, आणि त्यांच्या, मांसाच्या व माणसांच्या जंतूंपैकीं किती जंतु कोणत्या औषधाला दाद देईनासे झाले, हें सर्व शेजारीं शेजारीं लिहावयाचें. त्याच वर्षीं तेथें अव्होपार्सिन हें वजन वाढविणारें औषध बंद केलें. आणि कोंबड्यांतील त्याला न जुमानणारे जंतु पुढील पांच वर्षांत झपाट्यानें घटले, हें त्या वहींतच दिसून आलें. भारत सरकारनेंहि कोलिस्टिन हें माणसासाठीं राखून ठेवण्याचें औषध २०१९ सालीं खाद्यजनावरांत वापरण्यास बंदी केली. आणि दूध तर आपण सर्वच पितों ! २०१८ सालच्या देशव्यापी तपासणींत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकीं ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षां अधिक सांपडला. संख्या थोडी आहे. पण मोजली म्हणूनच ती थोडी असल्याचें कळलें.

राहतां राहिलें घरचें कर्तव्य. १ मार्च २०१४ पासून 'एच-वन' नांवाच्या अनुसूचीप्रमाणें सेफिक्झीमसारखीं औषधें विकतांना औषधवाल्यानें डॉक्टरचें नांव, रोग्याचें नांव आणि दिलेलें परिमाण वेगळ्या वहींत लिहावयाचें असतें, आणि ती वही तीन वर्षें जपावयाची असते. ती वही कोरी राहते याचा दोष सगळा दुकानदाराच्या माथीं मारूं नये. "अहो, चिठ्ठी कशाला ? आम्ही काय परके आहों ?" असें म्हणणारे आपणच असतों. पाकिटावर लाल उभी रेघ असली, तर तें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाचें नाहीं, हें घरांतील लहानथोरांस सांगून ठेवावें. उरलेल्या गोळ्या 'पुढें उपयोगीं पडतील' म्हणून जपूं नयेत. आमच्या कपाटांत जपलेल्या गोळ्या कशा उपयोगीं पडल्या, तें वर सांगितलेंच आहे. डॉक्टर सांगतील तितकेच दिवस औषध घ्यावें. कमी नाहीं, जास्त नाहीं. तापाचा दिवस कोणता, किती डिग्री, घरीं काय दिलें, हें एका कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांपुढें ठेवावा. चुकून घरचें औषध दिलें असेल, तर लाजेनें लपवूं नये. आणि या सर्वांच्या आधीं उकळलेलें पाणी, झांकलेलें अन्न व साबणानें धुतलेले हात. कारण जो ताप आलाच नाहीं, त्याच्यासारखें उत्तम दुखणें नाहीं.

आमच्या आजीनें भिंतीवर ओढलेल्या रेघा ही एका घराची नोंदच होती. ती वाचून कांहीं करावें, अशी विद्या तेव्हां कोणापाशीं नव्हती. आज ती आहे. जगांत अजूनहि वर्षाला सुमारें नव्वद लाख माणसें या तापानें पडतात आणि लाखाहून अधिक मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा अंदाज आहे. त्यांतील आपल्या घरापुरती एक ओळ नीट लिहिली जावी, एवढेंच आपल्याकडे मागणें आहे.

तेव्हां बाई, तो खर्च वायां गेला असें मानूं नये. मुलीला आतां आराम पडला असेलच. कल्चरचा कागद मात्र टाकून देऊं नका. पुढच्या वेळीं तिचे डॉक्टर तो प्रथम मागतील.